समान कर आणि न्याय्य कर

करवाढ झाली की लोक चिडतात, असे सामान्यतः मानले जाते. आम्हांस हे अर्धसत्य वाटते. इंग्लंडमधील एक उदाहरण पाहू.

तेथे नगरांचा बराच खर्च घरपट्टीतून भागे. घराच्या अंदाजी भाड्यावर ती बसे; अर्थात् मोठ्या वाड्याला मोठी पट्टी. मार्गारेट थॅचर यांच्या हुजूरपक्षीय सरकारने ती रद्द करून माणशी डोईपट्टी आणली; स्कॉटलंडात १९८९ साली, इंग्लंड-वेल्समध्ये १९९० साली. सरकारचे म्हणणे असे की, नगराच्या सोयी सारेच वापरतात, मते सारेच देतात. मग भारही साऱ्यांनी उचलावा. युक्तिवाद वरवर सरळ दिसतो. परंतु एकाच गावात वाड्यातील उमराव आणि त्याच्या दारचा केर उचलणारा कामगार यांना आकडा एकच! बेकारालाही पाचवा हिस्सा चुकेना.

लाखो लोकांनी पट्टी भरली नाही. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात मोर्चाची दंगल झाली. नोव्हेंबरात थॅचरबाईंना पद सोडावे लागले; युरोपविषयीचे मतभेद हेही त्याचे एक कारण होते. १९९३ साली घराच्या किंमतीवरील कर पुन्हा आला.

हमालाच्या आणि पोराच्या डोक्यावर सारखेच पोते दिले, तर त्याला समता कोण म्हणेल? म्हणून नवा कर येताच आम्ही ‘किती?’ एवढेच विचारून थांबू नये, ‘कोणाकडून किती?’ हेही विचारावे.