भीतीसकट जेवण

ॲनोरेक्सिया नर्व्होसा, बुलिमिया नर्व्होसा आणि बिंज ईटिंग हे आजार ताटावर दिसतात, पण त्यांचे मूळ बहुतेक वेळा ताटाबाहेर असते. ॲनोरेक्सियात खाणे इतके आटते की वजन धोक्याच्या पातळीखाली जाते, आणि तरीही ते वाढण्याची भीती सुटत नाही. बुलिमियात थोड्या वेळात अफाट खाल्ले जाते आणि मग उलटी काढून, जुलाबाची औषधे घेऊन, उपाशी राहून किंवा अतोनात व्यायाम करून त्याची भरपाई केली जाते. बिंज ईटिंगमध्ये खाणे तसेच बेसुमार असते, ही भरपाई मात्र नसते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत या तिसऱ्या आजाराला स्वतंत्र जागा मिळाली ती 2013 मध्ये. वरून इतके वेगळे दिसणारे हे आजार एका बाबतीत सारखे आहेत. उपाशीपणाने मन बधिर होते, भराभर खाताना डोक्यातला गोंगाट थांबतो, उलटीनंतर सुटल्यासारखे वाटते. सहन न होणारी भावना काही वेळ बंद करण्याचा हा मार्ग असतो. मिळणारा आराम खरा असतो, आणि म्हणूनच आजार सोडवत नाही.

स्वीकारावर आधारलेली उपचारपद्धती नेमकी या आरामाकडे बघते. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाच्या रीनो येथील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी 1980च्या दशकात तिची मांडणी सुरू केली. कर्क स्ट्रोसाल आणि केली विल्सन यांच्यासह लिहिलेले त्यांचे मूळ पुस्तक 1999 मध्ये आले. ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी हे तिचे पूर्ण नाव, बोलताना नुसते 'ॲक्ट'. त्रासदायक विचार आणि भावना ढकलून जात नाहीत, उलट त्यांना ढकलण्यातच आयुष्य खर्ची पडते, ही तिची मूळ धारणा. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेली वर्तन-विचार उपचारपद्धती वजन आणि बांधा यांना दिलेले अवाजवी महत्त्व कमी करू पाहते. ॲक्टमध्ये विचार खरा की खोटा हा वाद घातलाच जात नाही. त्या विचाराचे ऐकले तर दिवस कसा जातो, एवढेच विचारले जाते.

त्याआधी शरीर सावरावे लागते आणि तिथे वाटाघाट नसते. सतत उलट्या काढणाऱ्या रुग्णाच्या रक्तातले पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले, तर फॉस्फेट झपाट्याने खाली येते आणि तेही जिवावर बेतू शकते. म्हणून वजन, नाडी आणि रक्ततपासणी डॉक्टरांच्या हाती असते, आणि तीन जेवणे व मधली खाणी यांचे वेळापत्रक आहारतज्ज्ञ ठरवतात. उपासमार स्वतःच मन बदलते, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात दिसले होते. स्वेच्छेने अर्धपोटी राहिलेले 36 निरोगी पुरुष काही महिन्यांत रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. अशा अवस्थेतल्या मेंदूशी भावनांबद्दल कितीही बोलले तरी ते फारसे आत जात नाही. पद्धतीच्या नावात स्वीकार असला, तरी खालावलेले वजन स्वीकारा असे ती कधीच सांगत नाही.

सुरुवातीच्या सत्रांत एक यादी होते. वजन आणि भीती ताब्यात ठेवण्यासाठी आजवर काय काय केले? दिवसातून अनेकदा काट्यावर उभे राहणे, मनगटाभोवती बोटांचा वेढा घालून बघणे, ढगळ कपडे, घरी "बाहेर खाऊन आले" असे सांगणे, लग्नकार्याला जाणे टाळणे. प्रत्येक उपायापुढे दोन रकाने असतात: त्या दिवशी काय मिळाले आणि वर्षभरात काय झाले. पहिला रकाना भरताना हात चालतो, दुसऱ्यापाशी थांबतो. थेरपिस्ट इथे उपदेश करत नाही, घाईही करत नाही. सगळे ताब्यात ठेवण्याची धडपडच आपल्याला ताब्यात घेऊन बसली आहे, हे रुग्णाला स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळणे फार मोलाचे असते. पूर्ण उपचारातली सर्वांत कठीण बैठक बहुधा हीच.

पुढे विचाराशी थोडे अंतर ठेवायला शिकवतात. 'मी जाडी आहे' हे कार्डावर लिहायचे, मग त्याखाली 'मी जाडी आहे असा विचार मला आत्ता येतो आहे' असे लिहायचे. किंवा 'जाडी' हा एकच शब्द अर्धा-पाऊण मिनिट भराभर म्हणत राहायचे, इतके की शेवटी नुसता आवाज उरतो. शब्द घोकून त्याचा अर्थ पातळ होतो हे निरीक्षण एडवर्ड टिचनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते. ॲनोरेक्सिया झालेल्या एका 15 वर्षांच्या मुलीवरील ॲक्टच्या उपचाराचा तपशील 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. तिला डोळे मिटून एक मिरवणूक बघायला सांगितले होते. प्रत्येकाच्या हातातल्या फलकावर तिचाच एकेक विचार, आणि तिने ती नुसती पुढे जाऊ द्यायची. मध्येच एखादा फलक तिला ओढून नेतो. तो क्षण ओळखून पुन्हा बाजूला येऊन उभे राहणे, हाच सराव.

हे कौशल्य खरे पणाला लागते ते जेवताना. मराठी घरातल्या मुलीचे ताट धरले, तर वरणभात, त्यावर तूप, पोळी, भाजी. पोळीचे नखाएवढे तुकडे होतात, भात कडेला सरकत जातो, तूप लागलेली शिते वेगळी निघतात, घोट घोट पाण्याने पोट भरले जाते. थेरपिस्ट शेजारी बसून स्वतःही जेवत असते.

"आत्ता मन काय म्हणतंय?"

"तूप खाल्लंस तर उद्या काटा पुढे जाईल."

"आणि अंगात कुठे जाणवतंय?"

"घशात. आवळल्यासारखं."

"ते राहू दे तिथेच. ते असताना पुढचा घास घेता येतो का, बघूया."

या संवादात 'काही होत नाही, खा' असा दिलासा कुठेच नाही. दिलाशाने भीती क्षणभर शमते आणि पुढच्या घासाला नवा दिलासा मागते. जेवणानंतरचा अर्धा-पाऊण तास बाथरूममध्ये न जाता काढायचा असतो. उलटीची ऊर्मी चढते, असह्य होते आणि काही न करता उतरूही लागते. हे कोणी समजावून सांगून पटत नाही, ते अंगावरून जाऊ द्यावे लागते, तेही पुन्हा पुन्हा.

इतके सोसायचे तर कशासाठी, याचे उत्तर रुग्णाने स्वतः द्यायचे असते. आपल्याला कशाची मनापासून ओढ आहे, हे विचारल्यावर पहिल्यांदा 'शिस्त' किंवा 'आरोग्य' असे शब्द येतात, आणि बरेचदा ते आजाराचेच शब्द असतात. तुझे वजन कोणालाच कधी दिसणार नसते, तर ही शिस्त कशाला वापरली असतीस, असा प्रश्न आला की उत्तर हळूहळू बदलते: धाकट्या भावाबरोबर सहलीला, सुटलेल्या नाचाच्या वर्गाला. मग त्यातूनच आठवड्याचे लहानसे काम ठरते. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचे आणि केक खायचा, कारण ती मैत्रीण आहे. भीती बरोबर आली तर येऊ दे.

किशोरवयीन मुलांसाठी ऱ्होंडा मर्विन, नॅन्सी झुकर आणि अलिक्स टिम्को यांनी या पद्धतीला कौटुंबिक रूप दिले. त्यात आईवडील आणि मूल थेरपिस्टला वेगवेगळे भेटतात. घरचे जेवण पालकांनी हाती घ्यायचे असते. मूल रडत असताना ताट पुढे ठेवणे आईलाही सोसत नाही, आणि आपली ही घालमेल शमवण्यासाठी ती ताट मागे घेते. इथे सराव तिचाही होतो. आपल्याकडे भेटताक्षणी "किती वाळलीस" किंवा "अंग धरलंस हं" म्हणण्याची सवय आहे. अशा घरात पालकांना विश्वासात घेतल्याशिवाय काम पुढे सरकणे अवघड.

पुराव्याबाबत संयम हवा. फिलाडेल्फियाच्या रेनफ्रू केंद्रात निवासी उपचार घेणाऱ्या 140 स्त्रियांच्या अभ्यासात (2013) नुसता नेहमीचा उपचार घेणारा आणि त्याला ॲक्ट जोडलेला, अशा दोन्ही गटांत सुधारणा झाली. ॲक्टचे गट जोडलेल्या स्त्रियांचा कल थोडा अधिक सुधारणेकडे होता आणि सहा महिन्यांत त्यांना पुन्हा दाखल करण्याची वेळ कमी आली. स्वीडनमध्ये ॲनोरेक्सियाच्या 43 रुग्णांच्या चाचणीत (2016) मात्र नेहमीच्या उपचारांपेक्षा ठोस फरक दिसला नाही. ब्रिटनच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या पसंतीच्या उपचारांत वर्तन-विचार उपचार आहेत, लहान वयात ॲनोरेक्सियासाठी कौटुंबिक उपचार. ॲक्ट तिथे पहिल्या रांगेत नाही.

तरीही भारतासाठी तिच्यात लक्ष देण्याजोगे काही आहे. 1995 मध्ये दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी न खाणे, उलट्या, वजन घटणे आणि पाळी बंद होणे अशा तक्रारींच्या पाच तरुणींची नोंद प्रसिद्ध केली. स्वतःच्या शरीराबद्दलची विकृत प्रतिमा त्यांच्यात आढळली नव्हती. अशा रुग्णाशी बांध्याविषयीच्या विचारांवर वाद घालायला जागाच नसते. पोट गच्च वाटणे, मळमळ, घरातला न बोललेला ताण यांपैकी काय टाळण्यासाठी खाणे थांबले, हा प्रश्न मात्र तिलाही विचारता येतो.