सातासमुद्रापलीकडची हरळी

शेतातली हरळी खणण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याला उतारवयात कुणी 'गवत कसं वाढवावं?' असं विचारलं, तर त्यानं हसावं की रडावं? अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला चिरंजीवांकडे गेलो, तेव्हा माझ्यावर हाच प्रसंग आला. घरापुढचं त्याचं गवत ऑगस्टात करपलं होतं. सलग तिसऱ्या वर्षी! शेजाऱ्यांपुढे मान खाली जाते, म्हणून स्वारी चिडलेली.

"पाणी कमी पडत असेल," मी म्हणालो.

"रोज संध्याकाळी घालतो, बाबा!"

पाणी मुरत होतं ते नेमकं इथंच.

मी तिथली शेतकी पत्रकं चाळली. हा मुलूख ना धड थंड, ना धड उष्ण. थंडीचं गवत १५ ते २४ अंशांत खुलतं आणि कडक उन्हाळ्यात मलूल होतं. उन्हाळी गवत २७ ते ३५ अंशांत फोफावतं. पण दंव गोठू लागलं, की पिवळं पडून वसंतापर्यंत झोपतं. वाचकहो, बारमाही सुखी गवत तिथं नाहीच. पिवळेपण कोणत्या ऋतूत सोसायचं, एवढीच निवड आपल्या हाती!

चिरंजीवांचं गवत टॉल फेस्क्यू. याचा नामांकित वाण 'केंटकी ३१' हा १९३१ साली केंटकीतल्या एका डोंगरउतारावर सापडला. थंडीचं असूनही हे गवत उन्हात तग धरतं, कारण मुळं खोल जातात. पण रोजच्या शिडकाव्यानं ती वरच राहिली आणि रात्रभर ओल्या पात्यांवर बुरशी माजली. त्यात कापणी अगदी बोटभर! मी नेम घालून दिला: पाऊस नसेल तर आठवड्याला इंचभर पाणी, तेही पहाटे, उंची तीन ते चार इंच, बी आणि खत सप्टेंबरात.

करपलेल्या जागी मात्र एक गवत मजेत पसरलं होतं.

"ते बर्म्युडा. तण आहे. औषध मारणार आहे," चिरंजीव म्हणाले.

मी वाकून पाहिलं. अहो, ही तर आपली हरळी! गणपतीच्या सकाळी आई मला जिच्यासाठी पिटाळायची, ती दूर्वा!

"अरे, औषध मारलंस तर गणपतीला काय वाहशील?"

तो गप्प झाला. मग अंगणाच्या उन्हाच्या कडेला फरशा खोल पुरून त्यानं तिला वेगळा वाफा दिला. चतुर्थीच्या एकवीस दूर्वा तिथल्याच!

परवा त्याचा फोन आला. "फेस्क्यू छान उगवलंय, बाबा. हरळी आता पिवळी पडेल."

"मग?"

"पडू दे. उन्हाळ्यात उठेल की!"