विद्युत्-आराखड्यांतील रोधक व पोटेन्शिओमीटर

जमिनींतील ओल दाखविणारीं लहान यंत्रें हल्लीं कित्येक बागाईतदारांकडे आलीं आहेत. त्यांचा आराखडा मात्र बहुधा न वाचतांच ठेवून दिला जातो. तो वाचतां आला तर यंत्र विनाकारण टाकून देण्याची पाळी येत नाहीं. म्हणून त्यांतील दोन चिन्हांचें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गांवच्या नकाशांत विहीर, वाट, ओढा हीं जशीं चिन्हांनीं दाखवितात, तसेंच येथेंहि असतें. भेद इतकाच कीं, गांवचा नकाशा प्रमाणावर काढलेला असतो, हा नसतो. कोणती तार कोणास जोडिली आहे एवढेंच यांत पाहावयाचें. करवतीच्या दांत्यांसारखी रेघ अथवा लांबट चौकोन हें रोधकाचें चिन्ह. विद्युत्प्रवाहास अडवून तो बेताचा ठेवणें हें त्याचें काम. या अडवणुकीचें माप ओहम. चिन्हाजवळ ‘१० के’ असें लिहिलें असल्यास १०,००० ओहम, व ‘४ के ७’ असल्यास ४,७०० ओहम समजावे. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम सोपा आहे: व्होल्टांस ओहमांनीं भागिलें असतां प्रवाह किती अँपिअर तें निघतें.

याच चिन्हास बाण टेकलेला दिसला म्हणजे तो पोटेन्शिओमीटर. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करणारें फिरतें बटण तें हेंच. यास तीन पाय असतात. टोकांच्या दोन पायांमधील रोध कायम. मधला पाय मात्र आंतील पट्टीवर सरकतो. दोन भावांमधील बांध सरकविला असतां एकाची जमीन जितकी वाढते तितकीच दुसऱ्याची घटते, एकंदर क्षेत्र तेंच राहतें; त्याप्रमाणेंच हें आहे.

त्याचा पहिला उपयोग दोनच पाय जोडून होतो. ९ व्होल्टांची बॅटरी, १० के चा पोटेन्शिओमीटर, ४७० ओहमांचा रोधक व तांबडा एल.ई.डी. दिवा हीं एकापुढें एक जोडलेला आराखडा आम्हीं प्रथम जुळविला. पोटेन्शिओमीटर असतां दुसरा रोधक कशास, असें समजून आम्हीं तो गाळला. बटण फिरवितां उजेड वाढत गेला. बटण टोकाशीं येतांच दिवा कायमचा विझला. टोकाशीं पोटेन्शिओमीटरचा रोध शून्य होतो, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. तांबडा दिवा सुमारें २ व्होल्ट घेतो. उरलेल्या ७ व्होल्टांस ४७० ने भागिलें असतां सुमारें १५ मिलिअँपिअर येतात, व असा दिवा साधारणतः २० पर्यंत सोसतो. तो क्षुल्लक रोधकच त्याचा राखणदार होता.

दुसरा उपयोग तिन्ही पायांचा. टोकांस ५ व्होल्ट दिले असतां मधल्या पायावर ० ते ५ पर्यंत हवा तो दाब मिळतो. ओलीच्या यंत्रांतील लहान निळा पोटेन्शिओमीटर हेंच करितो. तो एक खूण ठरवून देतो, आणि जमिनींतील कांड्यांवरून येणाऱ्या दाबाची त्या खुणेशीं तुलना होऊन दिवा लागतो किंवा विझतो. यंत्र सदैव ‘कोरडें’ किंवा सदैव ‘ओलें’ च दाखवूं लागलें, तर तें बिघडलें असें लागलीच मानूं नये. कांड्या कोरड्या मातींत व मग पाणी दिलेल्या मातींत रोवून पाहाव्या, आणि दोहोंत दिव्याची स्थिति बदलेल अशा बेतानें पेंचकसानें तो हळूहळू फिरवावा. खूण चुकलेली असतां यंत्रावर विसंबून राहिल्यास पीक सुकतें, नाहींतर पाणी वायां जातें.

हा अभ्यास बॅटरीवरच करावा. पंपाच्या २३० किंवा ४१५ व्होल्टांच्या जोडणीस परवानाधारक तारतंत्र्यावांचून कोणीं हात लावूं नये. आराखड्यांत जें व्यर्थ वाटेल तें गाळण्यापूर्वी, बटण अगदीं टोकास नेल्यास काय होईल, हा प्रश्न वाचकांनीं स्वतःस विचारावा, इतकीच आमची विनंति आहे.