सोल शहर पाहावे ते शेतकऱ्याच्या डोळ्यांनी

परदेशी जावे ते साहेबांनी आणि शेटजींनी, असा एक काळ होता. आता कुणी अभ्यासदौऱ्यात जातो, तर कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो आणि आईवडिलांना बोलावून घेतो. उद्या दक्षिण कोरियाची राजधानी सोल पाहण्याचा योग आला, तर नुसत्या उंच इमारती पाहून परतू नका. त्या मुंबईतही आहेत. या शहराने शेतीचा मान कोठे कोठे जपला ते पाहा, आणि खेड्यांवर काय पाळी आली तेही समजून घ्या. दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

हान नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेले हे शहर सहाशे वर्षांहून जुने आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धात ते चार वेळा या हातातून त्या हातात गेले आणि बेचिराख झाले. युद्ध थांबल्यावर कैद्यांची राखण करायला भारताने फौज पाठवली होती. तिचे सेनापती होते आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव थोरात. इतक्या पडझडीतून उठलेल्या शहरात आज भुयारी रेल्वे कोपऱ्याकोपऱ्यावर पोचते आणि रस्ते आरशासारखे आहेत.

राजाचे भातखाचर

पहिला दिवस राजवाड्यांना द्या. ग्योंगबोकगुंग हा मोठा वाडा १३९५ साली बांधला. पुढे तो जळाला, पुन्हा उभारला, जपानी राजवटीत पुष्कळसा पाडला गेला आणि आता परत बांधून काढत आहेत. मंगळवारी तो बंद असतो, हे ध्यानात ठेवा. त्याच आवारात लोकजीवनाचे संग्रहालय आहे. तेथली शेतीची जुनी अवजारे पाहताना आपल्याच गोठ्यात उभे असल्यासारखे वाटेल.

जवळच चांगदोकगुंग हा दुसरा वाडा आहे. त्याच्या मागच्या बागेत एक छोटा मंडप दिसेल. बाकी साऱ्या छपरांवर कौले, याच्यावर मात्र भाताचा पेंढा. समोर चिमूटभर भातखाचर. राजा तेथे भात लावी आणि पीकपाणी कसे येते ते स्वतः पाही. शहराच्या पूर्व भागात सन्नोंगदान नावाचा ओटा आहे. तेथे राजा शेतीच्या देवांची पूजा करून स्वतः नांगर धरीत असे. राजाने नांगराला हात लावल्याशिवाय प्रजेच्या पोटाची काळजी त्याला कशी कळावी?

बाजारहाट

सन्नोंगदानपासून ग्योंगदोंग बाजार जवळच आहे. हा मुळ्या, साली आणि जडीबुटींचा बाजार. येथे जिनसेंगची मुळी पाहा. ओली मुळी एका भावाने, सोलून वाळवलेली दुसऱ्या भावाने, आणि वाफवून वाळवलेली तांबडी मुळी त्याहून चढ्या भावाने. वय, आकार आणि प्रत पाहून ढीग वेगळे केलेले असतात. माल तोच; पण निवड, प्रक्रिया आणि बांधणी यांनी त्याची किंमत वाढते. आपण हळद, आले, मिरची विकतो तेव्हा यातले किती करतो, याचा विचार तेथेच उभे राहून करा.

झोपेचे खोबरे करायची तयारी असेल तर रात्री गाराक बाजारात जा. १९८५ साली सुरू झालेली ही फळे-भाजीपाल्याची प्रचंड ठोक बाजारपेठ. गाव झोपते तेव्हा येथे लिलाव रंगात येतो.

खरेदीबाबत कृषी अधिकारी म्हणून एक ताकीद देतो. बियाणे, रोपे, कंद किंवा ओली मुळी खिशात घालून आणू नका. त्याबरोबर नवी कीड आणि रोग येतो, आणि विमानतळावर माल जप्त होतो तो वेगळाच. बंद पाकिटातला चहा किंवा लोखंडी चमचा-काड्यांची जोडी आणावी.

पोटापाण्याचे

ग्वांगजांग बाजार १९०५ पासून चालू आहे. तेथे बायका भिजवलेले मूग जात्यावर वाटून तव्यावर जाड धिरडी घालतात. नाव बिंदेत्तोक, पण पाहताच आपल्या घरची आठवण होईल. मात्र माळकरी आणि शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे. कधी पिठात डुकराचे मांस असते, तर किमची या कोबीच्या आंबवलेल्या लोणच्यात बहुधा खारवलेली मासळी असते. भात, भाज्या आणि तिखट एकत्र कालवून खायचा बिबिंबाप मांस व अंडे वगळून मागता येतो. जेवायला बसल्यावर घरातल्या वडीलधाऱ्याने पहिला घास घेतल्याखेरीज धाकटे हात लावीत नाहीत.

सोयाबीनकडे विशेष लक्ष द्या. आपण ते पोत्यात भरून बाजार दाखवतो. मग तेल आणि पेंड. तेथे सोयाबीन शिजवून, लाद्या करून, आंबवून त्याचा देंजांग नावाचा मसाला करतात. एक पीक, पण शेकडो वर्षे रोजच्या ताटात.

खेड्यांचे काय?

आता दुसरी बाजू. १९७० च्या सुमारास कोरियाची खेडी गरीबच होती. सरकारने 'सेमाउल', म्हणजे नवे गाव, ही चळवळ काढली आणि गावागणिक ३३५ पोती सिमेंट वाटले. अट एवढीच, की ते सार्वजनिक कामालाच वापरायचे. ज्या गावांनी काम करून दाखवले, त्यांनाच पुढच्या खेपेला आणखी सिमेंट आणि लोखंड मिळाले. जोडीला भाताचे तोंगिल हे भरघोस वाण आले आणि १९७७ च्या आसपास देश तांदळात स्वयंपूर्ण झाला.

रस्ते झाले, वीज आली, पीक वाढले. तरी पोरे थांबली नाहीत. आज देशातली निम्म्याहून जास्त माणसे सोल आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्यात राहतात. शेतकरी कुटुंबांतली निम्म्याहून जास्त माणसे ६५ वर्षांच्या पुढची आहेत. पेंढ्याचा मंडप शाबूत आहे, पण गावात लावणीला हात नाहीत.

कोरियात एक म्हण फार प्रचारात आहे : 'शिंतोबुरी'. अर्थ असा, की शरीर आणि माती ही दोन नव्हेत. शेतमाल संघांनी ती गिऱ्हाइकाला देशी धान्य घ्या हे सांगण्यासाठी वापरली. मला वाटते, ती आपण आपल्या मुलांसाठी वापरावी. गावात सिमेंट आणले तरी शेतात चार पैसे उरल्याशिवाय पोरगा राहत नाही. माल निवडून, वाळवून, दळून, डबाबंद करून विकायचे कारखाने गावातच उभे राहिले, तर शिकलेल्या पोराला घरीच काम मिळेल. परत आल्यावर ग्रामसभेत ही गोष्ट काढा. नातवाला फोटो दाखवाल, तेव्हा राजाचे भातखाचर आधी दाखवा.