पाय कोणी सोडला? कबड्डीच्या बचावफळीविषयी काही गैरसमज

खरिपाची सुगी आटोपून सोयाबीन बाजाराला गेले आणि कपाशीची वेचणी निम्म्यावर आली, की बुलढाणा जिल्ह्यात घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या नांदुरा-जळगाव जामोदपर्यंत गावोगावी कबड्डीचे दिवस सुरू होतात. मारुतीच्या देवळापुढची भेगाळलेली काळी माती उकरली जाते, तिच्यावर चाळलेली माती पसरून पाणी शिंपडले जाते आणि चुन्याच्या पांढऱ्या रेषा उमटतात. सामना संपल्यावर पारावर जी चर्चा रंगते, तिच्यात चढाई करणाऱ्या गड्याचे कौतुक दोन वाक्यांत आटोपते. रात्री उशिरापर्यंत चौकशी चालते ती बचावफळीची. “काऊन सोडला त्यानं पाय?”, “कोपराच कच्चा हाय आपला”, “अंगात जोरच नाही त्याच्या.” फिर्यादी शेकडो असतात, आरोपी एकच असतो, आणि त्याची कैफियत ऐकून घेण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ही चर्चा व्यर्थ आहे असे मला मुळीच वाटत नाही; जे गाव आपल्या संघाच्या बचावासाठी तावातावाने भांडते, त्या गावात खेळ जिवंत आहे असेच मी समजतो. परंतु ज्या समजुतींच्या आधारे हा निकाल दिला जातो, त्यांतील कित्येक समजुती वस्तुस्थितीच्या कसोटीला उतरत नाहीत.

पहिली समजूत बळाची. पकड हे जोराचे काम आहे, म्हणून कोपऱ्यावर भारदस्त गडी उभा करावा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः अधिकृत स्पर्धांत वजनाला मर्यादाच घातलेली आहे. वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ किलो आणि महिलांना ७५ किलो यांपेक्षा अधिक वजन चालत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे गडी वजनाने फारसे भिन्न नसतात आणि निर्णय क्षणावर येऊन ठेपतो. चढाईचा गडी पुढे सरकत असताना त्याच्या अंगाचा तोल दोन्ही पायांवर खेळत असतो. तो वळला, की क्षणभर सारा भार एका पायावर येतो, आणि तोच पाय, तोच क्षण, हेरून जो घोट्याला हात घालतो त्याची पकड टिकते. अर्धा क्षण अगोदर झेपावणारा पैलवान रिकाम्या हाताने मातीवर आडवा होतो आणि संघाचा एक गुण गमावून बसतो.

दुसरी समजूत यापेक्षा अधिक अन्यायकारक आहे, आणि तिच्यापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. पाय सुटला तर ज्याच्या हातून सुटला त्याचाच दोष, असे आपण धरून चालतो. मैदानाचे माप ध्यानात घेतले तर हे गृहीतक किती कच्चे आहे ते कळून येईल. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, मध्यरेषेपासून ३.७५ मीटर अंतरावर निदान रेषा आणि तिच्याही पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. आता निदान रेषेजवळ कोपऱ्याच्या गड्याने चढाईवाल्याचा घोटा धरला, असे समजा. साडेपाच फूट उंचीचा माणूस हात पुढे लांबवून आडवा पडला, तर त्याची बोटे घोट्यापासून दोन मीटरांच्या आसपास पोहोचतात. म्हणजे पकडलेल्या अवस्थेतही त्याला मध्यरेषा गाठण्यासाठी जेमतेम दोन मीटर फरफटत जायचे उरते, आणि बोटाचे टोक जरी रेषेपलीकडे टेकले तरी त्याला स्पर्श केलेले सारे गडी एकदम बाद होतात. हे दोन मीटर अडवणे कोपऱ्याच्या गड्याच्या हातात नसते, कारण तो चढाईवाल्याच्या मागे असतो. ते काम मध्यरक्षकाचे. घोट्याला हात पडताक्षणी त्याने चढाईवाला आणि मध्यरेषा यांच्या मधोमध आपले शरीर आणून उभे केले पाहिजे. तो तिथे पोहोचला तर कोपऱ्याची ढिली पकडही यशस्वी ठरते, आणि तो एका पावलाने मागे राहिला तर उत्तम पकडही सुटते. प्रेक्षकाची दृष्टी घोट्यावर खिळलेली असल्यामुळे त्याला सुटलेला पाय दिसतो. न आलेला मध्यरक्षक दिसत नाही. आपल्या खेळाडूंनी या रचनेला साखळी हे नाव फार विचारपूर्वक दिले आहे. कोपऱ्याचा गडी आणि त्याच्या शेजारचा गडी हातात हात गुंफून हालतात, ते एकमेकांचे अंतर आणि एकमेकांचा इरादा बोटांच्या दाबातून कळावा म्हणून. या साखळीची परीक्षा एकेक कडी सुटी करून होत नाही.

अमेरिकेतील लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळातही नेमका हाच वाद चालतो, हे सांगितले तर पारावरच्या मंडळींना नवल वाटेल. तिथे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्यापुढे पाच धिप्पाड माणसांची एक भिंत उभी असते, बहुधा प्रत्येकी सव्वाशे किलोंहून अधिक वजनाची. नेहमीच्या खेळात त्यांनी चेंडू घेऊन धावायचे नाही, पुढे फेकलेला झेलायचा नाही, फक्त मागच्या माणसाला दोन-तीन सेकंदांचा अवसर मिळवून द्यायचा. त्यांच्या नावापुढे गुणांची नोंद नसते. मागचा माणूस खाली पाडला गेला, की प्रेक्षक भिंतीला दोष देतात. त्याने स्वतःच चेंडू हातात धरून ठेवण्यात वेळ दवडला होता की काय, ही चौकशी मागाहून होते, किंवा होतच नाही. ज्यांचे काम अडवण्याचे, त्यांचे यश अदृश्य आणि अपयश मात्र चव्हाट्यावर, ही स्थिती दोन्हीकडे सारखीच आहे.

यातूनच तिसरा गैरसमज जन्म पावतो: ज्याच्या नावावर पकडी अधिक, तो गडी श्रेष्ठ. चांगला चढाईवाला भक्कम कोपऱ्याकडे जातच नाही. तो दुसऱ्या बाजूचा कच्चा दुवा शोधतो. त्यामुळे ज्याची दहशत सर्वांत मोठी, त्याच्या खात्यावर एखाद्या सामन्यात एकही पकड नसणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय व्यावसायिक लीगमुळे रूढ झालेल्या नियमाप्रमाणे लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, न मिळाल्यास चढाईवाला बाद होतो. अशा वेळी पहिल्या दोन चढायांत ३०-३० सेकंद संयमाने मागे सरकत राहिलेली, कोणाच्याही अंगावर न धावलेली बचावफळी तिसऱ्या चढाईतील गुणाची खरी मालकीण असते. गुणपत्रकात मात्र तिच्या त्या संयमाचा कुठेच दाखला नसतो. बाहेरून “धर, धर” असा पुकारा करणारे आपण त्याच संयमाला भित्रेपणा म्हणतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चढाईवाला सामना जिंकून देतो आणि बचाव फक्त हार लांबवतो, ही समजूतही जमाखर्च नीट न मांडल्याने झालेली आहे. पकडीला एक गुण मिळतो हे खरे. परंतु त्या एका पकडीने प्रतिपक्षाचा, बहुधा सर्वांत समर्थ, चढाईवाला बाहेर बसतो आणि आपला बाद झालेला एक गडी संजीवनीच्या नियमाने मैदानात परततो. बोनस रेषा ओलांडून मिळवलेल्या गुणाने मात्र कोणीही जिवंत होत नाही. तीनच गडी उरले की डाव संपला असे समजून घराची वाट धरणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या पकडीला एक गुण अधिक मिळतो. मराठी वृत्तपत्रे तिला अव्वल पकड म्हणतात, आणि लोणाच्या उंबरठ्यावर आलेले सामने तिने फिरवलेले आहेत. बाजारानेही हे मोल ओळखले आहे. पुणेरी पलटणने २०२३ साली इराणच्या मोहम्मदरझा शादलूसाठी, म्हणजे प्रामुख्याने डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या एका गड्यासाठी, २ कोटी ३५ लक्ष रुपये मोजले आणि त्याच हंगामाचे अजिंक्यपद मिळवले. पुढल्या हंगामात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि अजिंक्यपदही तिकडेच गेले.

इराणचे नाव निघाले म्हणून आणखी एका अभिमानाचा परामर्श घेणे प्राप्त आहे. कबड्डी आपल्या मातीतली, सबब तिचा बचाव आपल्या मुलांना उपजतच येतो, असे आपण मानतो. अभिमानाला आधार आहे यात शंका नाही; १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविणारे पथक आपल्याच वऱ्हाडातील, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे होते. १९९० साली बीजिंगला आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताने जिंकले. पण २०१८ साली जकार्ता येथे इराणने उपांत्य सामन्यात आपल्या पुरुष संघाला २७-१८ असे नमवले, आणि महिलांच्या अंतिम सामन्यात २७-२४ असा विजय मिळवला. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. एका मराठी स्त्रीने शिकवले आणि ज्या देशात हा खेळ मागाहून गेला त्या देशाच्या मुलींनी ते आत्मसात केले, यावरून बचाव ही रक्तातून उतरणारी देणगी नसून रोजच्या सरावाने, एकाच साखळीत वर्षानुवर्षे उभे राहून घडणारी विद्या आहे, हे सिद्ध होते. आपल्या गावचा संघ मात्र एका पराभवानंतर कोपऱ्याचा गडी बदलतो, पुढच्या पराभवानंतर मध्यरक्षक बदलतो, आणि साखळी जुळण्याआधीच मोडून टाकतो.

म्हणून गावोगावच्या क्रीडामंडळांच्या चालकांना आणि पारावर बसणाऱ्या जाणत्या मंडळींना माझी एक विनंती आहे. गुणपत्रकाच्या पाठीमागची बाजू कोरीच असते. तिच्यावर एखाद्या शाळकरी मुलाला तीन रकाने आखून द्यावेत. पहिल्यात, प्रतिपक्षाच्या किती चढाया रिकाम्या गेल्या, याची नोंद व्हावी. दुसऱ्यात, किती पकडी वेळेआधी झेपावल्याने फसल्या, याची. आणि तिसऱ्यात, पहिला हात पडल्यावर दुसरा गडी किती वेळा वेळेवर पोहोचला, याची. एका हंगामाचे असे कागद जमवून मग निवडीला बसावे, आणि तोवर कोपऱ्यावरच्या त्या पोराला मैदानाबाहेर काढू नये.