उकळी फुटल्यावर आग कशाला?

तुरीच्या डाळीचं पातेलं रटरटायला लागलं की त्याखालची आच दुप्पट करा, चौपट करा, पातेल्यातलं पाणी त्याहून एका अंशानेही जास्त तापत नाही. वाढवलेली सगळी आग वाफ होऊन खिडकीबाहेर जाते. नाशिकमध्ये तर हे पाणी शंभर अंशांपर्यंतही पोहोचत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचावर आहे आणि दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं. म्हणजे पंचवटीतली डाळ शिजते ती ९८ अंशांवर. जिल्ह्याच्या हद्दीवर १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावर कुणी चूल मांडली, तर तिथे जेमतेम ९५ अंशांना उकळी फुटेल.

आता थोडा हिशेब करू. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ९८ अंशांवर न्यायला ७३ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच लिटरभर पाणी वाफ करून उडवून द्यायचं तर सुमारे ५४० किलोकॅलरी, म्हणजे सातपटीहून जास्त. उकळी आणणं स्वस्त आहे, उकळत ठेवणं महाग. आणि डाळीला तर खळाळणारं पाणी लागतच नाही. तिला लागतं गरम पाणी आणि वेळ. एकदा उकळी फुटली की त्यानंतरची सगळी आग आपण फक्त भांड्यातून निसटणारी ऊब भरून काढायला जाळत असतो. ऊब निसटूच दिली नाही तर? या एका प्रश्नातून जगभरातल्या मंद आचेच्या स्वयंपाकाची सगळी उपकरणं जन्माला आली आहेत, विजेवर चालणारा स्लो कुकरही त्यातलाच.

स्लो कुकरची रचना फार साधी. आत मातीचं जाड, झिलई दिलेलं भांडं, बाहेर धातूचं कवच, दोहोंच्या मध्ये भांड्याच्या कडेने फिरवलेली तापणारी तार आणि वर काचेचं झाकण. पाच-सहा लिटरच्या कुकरला दोनशे ते अडीचशे वॅट वीज पुरते. कपड्यांची इस्त्री याच्या चौपट वीज घेते. एवढ्याशा जोरावर मटण शिजतं, कारण त्याला घाई नाही. मातीचं भांडं उष्णता हळूहळू घेतं आणि हळूहळूच सोडतं. नाशिकच्या भांडी बाजारातली तांब्याची भांडी याच्या अगदी उलट वागतात. तांबं मातीच्या शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून अंघोळीच्या पाण्याचा बंब तांब्याचा आणि दिवसभर शिजणाऱ्या कालवणाचं मडकं मातीचं. भांडं कशाचं घ्यायचं हे आपल्या घरांनी फार आधीच ठरवून टाकलं होतं.

या कुकरचा जन्म शिकागोचा, पण मूळ लिथुआनियातल्या एका ज्यू वस्तीत सापडतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारच्या रात्रीपर्यंत आग पेटवायची नाही. मग शनिवारी दुपारी गरम जेवण कुठून आणायचं? तिथल्या बायका शुक्रवारी संध्याकाळी घेवड्यासारख्या कडधान्याचं आणि मांसाचं मडकं गावातल्या पाववाल्याकडे नेऊन देत. भट्टीची आग विझलेली असे, पण विटांमधली धग रात्रभर टिके आणि तेवढ्यात ते शिजे. अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाने ही गोष्ट आपल्या आईकडून ऐकली होती. विझत्या भट्टीचं काम करणारं विजेचं भांडं त्याने बनवलं, १९३६ साली अर्ज केला आणि १९४० साली त्याला पेटंट मिळालं. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं. शब्बाथ आपल्यालाही परका नाही. कोकणातले बेने इस्रायली तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.

आपल्याकडे आग पेटवायला बंदी नव्हती, पण सरपण तुटपुंजं होतं आणि शेतावर जायची घाई होती. त्यातून आला चुलीचा वैल. मुख्य चुलीच्या बाजूला, तिच्याच मातीत घडवलेलं दुसरं तोंड. त्याच्याखाली वेगळं लाकूड सरकवायचं नाही. चुलीतली आच तव्याला लागून जी उरते, ती आतल्या वाटेने वैलाकडे वळते. पुढे तव्यावर भाकरी फुगत असते आणि शेजारी वैलावर हुलग्याचं किंवा तुरीचं मडकं आपल्या चालीने शिजत असतं. भाकऱ्या संपल्या की निखारे मागे ओढून राखेने झाकायचे. राख उष्णता धरून ठेवते आणि निखाऱ्याला हवा कमी पोहोचू देते, त्यामुळे तो तासन्‌तास धुमसतो. तापमानाचं बटण नसलेली ही व्यवस्था तापमान चांगलंच सांभाळते.

त्याच स्वयंपाकघरातली दुसरी युक्ती म्हणजे झाकणावरचं पाणी. पातेल्यावर खोलगट ताटली ठेवायची आणि तिच्यात पाणी ओतायचं. आतली वाफ वर जाते, थंड ताटलीला लागून तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते थेंब थेंब खाली पडतं. वाफेबरोबर जी प्रचंड उष्णता पळाली असती, ती ताटलीतल्या पाण्यात अडकते. आणि भाजी कोरडी पडू लागली की तेच गरम झालेलं पाणी आत ओतता येतं, शिजणं मध्येच थबकत नाही. स्लो कुकरचं काचेचं झाकणही असंच काम करतं. सारखं झाकण उघडून बघू नका असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, कारण एकदा उघडलं की गेलेली ऊब परत मिळवायला एवढ्याशा वॅटच्या तारेला वीस-पंचवीस मिनिटं लागू शकतात.

पण इतक्या वेळात भांड्यात नेमकं चालतं काय? आधी डाळीचं पाहू. दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींना चिकटलेल्या असतात, विटा गाऱ्याने जोडाव्यात तशा. गरम पाण्यात हे पेक्टिन हळूहळू विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटाने चेपला जातो. आतली पिठूळ द्रव्यं तर ६० ते ७५ अंशांच्या दरम्यानच पाणी पिऊन फुगतात. म्हणजे डाळ शिजण्यासाठी ९० अंशही पुरतात, फक्त वेळ जास्त जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की काम ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतं. हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे प्रेशर कुकर १९५९ साली भारतात आले आणि त्यांनी याच नियमाचा फायदा उठवला: वाफ कोंडली, पाणी १२० अंशांपर्यंत नेलं आणि तासांची मिनिटं केली.

पेक्टिनच्या दोन अडचणी आहेत. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून काही गावांत डाळ शिजता शिजत नाही. आणि आंबट पाण्यात ते विरघळायला तयार होत नाही. आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं हा आजीचा दंडक इथून येतो. मंद आचेवर तर तो दुप्पट महत्त्वाचा. टोमॅटो आधी घातले तर आठ तासांनीही मटकी कचकच करेल.

मटणाचं गणित वेगळं. बोकडाचा चाप कोवळा असतो, पण मान, खांदा आणि पायाची नळी यांनी जन्मभर कष्ट केलेले असतात. त्या मांसात कोलॅजेनचे चिवट धागे भरपूर. साधारण ६० अंशांवर ते आक्रसतात आणि मांस वातड होतं. तिथे थांबलात तर फसलात. पण ७० ते ९० अंशांमध्ये काही तास तसंच ठेवलं, तर हेच धागे विरघळून जिलेटिन होतात आणि रश्शाला ओठ चिकटवणारा दाटपणा येतो. जो तुकडा सर्वांत कठीण, तोच मंद आचेवर सर्वांत चविष्ट निघतो. मोहरमला रात्रभर देगेत घोटल्या जाणाऱ्या खिचड्याची सारी चव याच रूपांतरात आहे.

एक गोष्ट मात्र मंद आचेला जमत नाही: खमंगपणा. भाजलेला, तपकिरी रंग आणणारा वास साधारण १४० अंशांच्या आसपास वेगाने तयार होतो आणि जिथे पाणी आहे तिथे तापमान शंभरापुढे जातच नाही. म्हणून परदेशी पाककृतीत मांस आधी तव्यावर परतून घ्यायला सांगतात. नाशिककडच्या स्वयंपाकाला हे वेगळं सांगावं लागत नाही. कांदा निखाऱ्यात काळा होईपर्यंत भाजायचा, सुकं खोबरं जाळावर धरायचं, काळा मसाला तेलात परतायचा; ते वाटण घातल्यावरच पाणी ओतायचं. जिल्ह्यात लासलगावसारखी कांद्याची पेठ असल्यावर भाजायला कांदा कमी पडायचं कारणच नाही. खमंगपणाचं काम आधीच उरकलेलं असतं, मागे राहतं ते मुरण्याचं. काळ्या मसाल्याचं मटण स्लो कुकरमध्ये इतकं चांगलं होतं ते या क्रमामुळे.

ऊब अडवण्याच्या या विचाराला भारतात यंत्राचं रूप दिलं ते डॉ. इंदुमाधव मल्लिक या बंगाली डॉक्टरांनी. १९१० साली त्यांनी इकमिक कुकर बनवला. उंच नळकांडं, आत एकावर एक डबे, तळाशी कोळशाची छोटी शेगडी आणि सभोवती पाणी. भात, वरण, भाजी असं सगळं भरून कोळसा पेटवायचा आणि आपल्या कामाला निघून जायचं. कोळसा संपेपर्यंत जेवण तयार, आणि करपायची भीती नाही, कारण पाणी मध्ये असल्यावर आतलं तापमान उकळीपुढे जाणार कसं? प्रवासी आणि एकटी राहणारी माणसं यांचा तो आधार झाला. मराठी घरांतही शिट्टीचा कुकर येण्याआधी कुकर म्हटलं की हाच.

त्याचा वारस पुण्यात आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या बनवल्या, त्यासाठी २००२ साली तिला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच कोळशावर चालणारा त्यांचा सराई कुकर शंभर ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचा स्वयंपाक करतो. ऐकायला अशक्य वाटतं, म्हणून पुन्हा हिशेब करू. शंभर ग्रॅम चांगल्या कोळशात सुमारे सातशे किलोकॅलरी उष्णता असते. निम्मी वाया गेली तरी साडेतीनशे उरतात आणि लिटरला ७३ या दराने त्यात साडेचार लिटरहून जास्त पाणी उकळीला येतं. एका कुटुंबाच्या वरणभाताला इतकं पाणी लागतही नाही.

याच्यापुढे विजेचा स्लो कुकर तसा उधळ्याच. दोनशे वॅट आठ तास चालले तर १.६ युनिट वीज जाते. ती एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून बनली असेल, तर त्या कोळशाच्या उष्णतेतली जेमतेम तिसरा हिस्सा वीज होऊन तारेत शिरलेला असतो. कोळशापासून उष्णता, उष्णतेपासून वीज आणि विजेपासून परत उष्णता, एवढा वळसा घालून डाळ शिजते. कुकरमुळे माणसाचा वेळ वाचतो, ही त्याची खरी कमाई.

वळसा नको असेल तर आगही नको. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात नॉर्वेची एक पेटी मांडली होती: आत जाड अस्तर, मध्ये उकळी आणलेलं भांडं ठेवायची जागा, बस. दोन्ही महायुद्धांत इंधन तुटल्यावर युरोपातल्या घरांनी वाळलेलं गवत भरलेल्या खोक्यात अशीच भांडी ठेवून स्वयंपाक केला. ऊब किती टिकेल हे बाहेरच्या हवेवर ठरतं. निफाडला थंडीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. दहा अंशांच्या पहाटे भांडं आणि हवा यांच्यात ८८ अंशांचं अंतर असतं, मे महिन्याच्या दुपारी साठाचं. म्हणजे हिवाळ्यात भांडं जवळजवळ दीडपट वेगाने निवतं. भांड्याचा आकारही महत्त्वाचा. मोठ्या भांड्यात ऊब साठते भरपूर आणि ती निसटायला पृष्ठभाग त्या मानाने थोडा, म्हणून भंडाऱ्यातलं पातेलं तासन्‌तास गरम राहतं आणि वाटीभर आमटी बघता बघता गार होते.

सावध राहायचं ते दोन ठिकाणी. ६० अंशांखालच्या कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे बर्फातलं मटण तसंच स्लो कुकरमध्ये टाकू नये. दुसरं राजम्याचं. लाल राजम्यात एक नैसर्गिक विष असतं, चार-पाच कच्चे दाणेही उलट्या करवतात. खळखळून उकळलं की ते नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास रेंगाळलं तर त्याचा जोर कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकतो. पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं, जमल्यास अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच मंद आचेकडे वळा. डाळीला उकळीपुढे आग नको, राजम्याला मात्र हवी.

सुरुवात मसुराच्या डाळीने करून पाहा. अर्धा तास भिजवून, जाड बुडाच्या पातेल्यात भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळा. चिंच-टोमॅटो नको. झाकण घट्ट लावून गॅस बंद करा, पातेलं शेगडीपासून लांब नेऊन जाड टॉवेलात आणि वरून गोधडीत गुंडाळा. तासाभराने उघडून दाणा बोटाने दाबा. चेपला गेला, की यापुढे गॅसची कळ कधी फिरवायची ते तुमचं तुम्हीच ठरवाल.