कावडीवरचा देश

व्हिएतनाम हे नाव मराठी वाचकाच्या मनात अजूनही युद्धाशीच जोडलेले आहे. दिएन बिएन फूचा वेढा, उत्तरेवर कोसळणारे बॉम्ब आणि ३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉनच्या अध्यक्षीय प्रासादाचे फाटक मोडून आत शिरलेले रणगाडे, एवढ्या दोन-चार चित्रांत तो देश त्याच्यापुरता संपतो. युद्ध थांबून पन्नास वर्षे उलटली. २०२२ साली मुंबईहून तेथे थेट विमाने जाऊ लागली आणि मध्यमवर्गीय मराठी प्रवाशालाही हा देश आवाक्यातला वाटू लागला. पण सहलीबरोबर आपला स्वयंपाकी आणि आपला मसाला नेण्याची या प्रवाशाची रीत जुनी आहे. अशा सहलीहून परतलेल्याने व्हिएतनाम पाहिलेला असतो, चाखलेला नसतो. आणि हा देश असा आहे की, जो चाखला नाही तो पुरता कळलाच नाही असे म्हणावे लागते.

व्हिएतनामी लोक आपल्या देशाला कावडीची उपमा देतात. उत्तरेला लाल नदीचा त्रिभुज प्रदेश, दक्षिणेला मेकाँगचा. या भाताच्या दोन टोपल्या, आणि त्यांना जोडणारा मधला चिंचोळा किनारा म्हणजे कावडीचा दांडा. देशाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे १,६५० किलोमीटर. मध्यभागी मात्र डोंगर आणि समुद्र यांतील अंतर एके ठिकाणी जेमतेम पन्नास किलोमीटर उरते. हनोई ते सायगॉन हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग फ्रेंच अमदानीत १९३६ साली पुरा झाला, १९५४ च्या फाळणीने तुटला आणि ३१ डिसेंबर १९७६ रोजी पुन्हा सुरू झाला. या गाडीने तीस तासांहून अधिक प्रवास करून जो देश ओलांडतो, त्याला भूगोल, इतिहास आणि राजकारण यांचे धडे ठिकठिकाणच्या वाडग्यांतून मिळत जातात.

उत्तरेचा संयम

हनोईची ओळख म्हणजे ‘फो’. तांदळाच्या चपट्या शेवया, वर मांसाचे पातळ काप, कांद्याची पात, आणि त्यावर हाडे तासन्‌तास उकळून काढलेला, दालचिनी आणि चक्रीफुलाचा मंद वास असलेला निवळ रस्सा. हा पदार्थ प्राचीन असावा असा परक्याचा समज होतो. वस्तुतः तो विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. व्हिएतनामी शेतकऱ्याच्या घरी गाय-बैल हे नांगराचे धन. ते खाण्याची फारशी चाल नव्हती. फ्रेंच आले, त्यांना गोमांस हवे होते, आणि कत्तलीनंतर उरलेली हाडे स्वस्तात मिळू लागली. शेवया विकणाऱ्या चिनी आणि स्थानिक फेरीवाल्यांनी त्यांचा रस्सा केला. ‘फो’ हा शब्द चिनी की फ्रेंच यावर पंडितांचा वाद आहे. पण हनोई आणि तिच्या दक्षिणेचा नाम दिन्ह परिसर येथे तो वाढला, याविषयी सहसा दुमत नाही. राज्यकर्त्यांच्या ताटातून उरलेल्या हाडांतून जितांनी आपले राष्ट्रीय अन्न निर्माण केले, असा याचा अर्थ होतो.

उत्तरेची चव संयमी आहे. साखर नाही, तिखट बेताचे, पानांची गर्दी नाही. हिवाळ्याची थंडी, दाट लोकवस्ती आणि पिढ्यान्‌पिढ्यांची काटकसर या साऱ्यांचा तिच्यावर ठसा आहे. थाक लाम या लेखकाचे हनोईच्या पेठांवरील आणि फेरीवाल्यांच्या खाद्यपदार्थांवरील लेख १९४३ साली पुस्तकरूपाने आले, ते आजही तेथे आवडीने वाचले जातात. पुढे अमेरिकेशी युद्ध जुंपले तेव्हा सरकारी उपाहारगृहांतून फोमधले मांसच नाहीसे झाले. अमेरिकेची वैमानिकरहित टेहळणी विमाने त्या वेळी हनोईवर घिरट्या घालीत. लोकांनी या मांसविरहित वाडग्याला ‘वैमानिकाविना फो’ असे नाव दिले. उपाशी माणसाचा विनोद किती धारदार असतो, याचा हा एक नमुना होय.

मधला दांडा

गाडी दक्षिणेकडे सरकते तशी जमीन आक्रसते. वादळे आणि पूर यांनी गांजलेला हा मध्यभाग गरीब आहे, आणि गरिबीला साजेसे तिखट येथे सढळ आहे. पण याच भागात हुए हे नगर आहे. १८०२ पासून १९४५ पर्यंत न्गुएन घराण्याची राजधानी येथे होती. राजाच्या पंक्तीत अनेक पदार्थ लहान लहान भांड्यांतून मांडण्याची प्रथा होती. तिचा वारसा म्हणून आजही येथे बशीएवढ्या वाटीत वाफवलेली तांदळाची नाजूक धिरडी मिळतात. त्याच नगरातला दुसरा पदार्थ म्हणजे ‘कॉम हेन’. नदीतल्या बेटाभोवती सापडणाऱ्या अगदी बारीक तिसऱ्या, उरलेला गार भात, शेंगदाणे, तीळ, कच्च्या भाज्या आणि मूठभर मिरची, असा हा गरिबाचा भात आहे. येथल्या शेवयांच्या रश्श्यात गवती चहा असतो आणि जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून केलेला उग्र गोळाही. राजाची नजाकत आणि कोळ्याचा झणझणीतपणा एकाच शहरात नांदतात.

शाकाहारी मराठी प्रवाशाने हुएला अवश्य थांबावे. बौद्ध मठांच्या या नगरात शाकाहाराची जुनी परंपरा आहे. त्याला ‘चाय’ म्हणतात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक घरांत मांस वर्ज्य असते. एकादशी पाळणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला हे परके वाटू नये.

हुएच्या खाली होई आन हे जुने बंदर आहे. सतराव्या शतकात तेथे चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या. तेथला ‘काव लाउ’ हा जाड, चिवट शेवयांचा पदार्थ समोरच्या बेटावरील झाडांच्या राखेचे पाणी आणि गावातल्या एका जुन्या विहिरीचे पाणी यांशिवाय साधत नाही, असे गावकरी सांगतात. आसपासच्या क्वांग मुलखात शेवयांना हळदीचा पिवळा रंग असतो आणि रस्सा जेमतेम तळाशी. हा सगळा मुलूख एके काळी चंपा राज्याचा होता. होई आनपासून दूर नसलेल्या मी सन येथे त्या राजांनी बांधलेली भद्रेश्वर शिवाची देवळे आणि संस्कृत शिलालेख आहेत. १९६९ च्या बॉम्बफेकीत त्यांतले सर्वांत भव्य देऊळ कोसळले.

सबंध दांड्यावर एक वास मात्र सतत सोबत करतो. तो ‘नुओक माम’चा, म्हणजे मासळीच्या निथळ अर्काचा. मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी तीन भाग आणि मीठ एक भाग, लाकडी पिंपांत वर्षभर मुरते आणि तळाच्या तोटीतून तांबूस अर्क गळतो. फान थिएत आणि फू क्वोक बेट ही त्याची नामांकित ठिकाणे. फू क्वोकच्या अर्काला २०१२ साली युरोपीय संघाने स्थाननामाचे संरक्षण दिले. तथापि त्याचा राजकीय इतिहास अधिक मनोरंजक आहे. १९०६ साली फान थिएतमध्ये काही देशभक्त विद्वानांनी स्वदेशीच्या भावनेतून या अर्काची कंपनी काढली आणि त्या चळवळीतूनच एक शाळा उभी राहिली. १९१० साली तेथे एक तरुण शिक्षक काही महिने शिकवीत होता. पुढच्या वर्षी तो एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरातला मदतनीस म्हणून देशाबाहेर पडला. जगाने पुढे त्याला हो चि मिन्ह या नावाने ओळखले.

दक्षिणेची सुबत्ता

मेकाँगच्या मुलखात शिरताच हात सैल होतो. ही नवी वसाहत आहे. व्हिएतनामी राजसत्तेने सायगॉन परिसरात कारभाराची घडी बसवली ती १६९८ साली. पूर्वीचे ख्मेर, समुद्रमार्गे आलेले चिनी आणि उत्तरेकडून भूमीच्या शोधात आलेले शेतकरी असा येथला समाज मिश्र, आणि स्वयंपाकही तसाच. नारळाचे दूध, साखर, फळे आणि ताटाशेजारी पालापाचोळ्यासारखा वाढलेला हिरव्या पानांचा ढीग ही येथली लक्षणे. तांदळाचे पीठ, हळद आणि नारळाचे दूध यांचे येथले घावन कोकणातल्या माणसाला ओळखीचे वाटेल. फक्त त्याच्या पोटात कोळंबी आणि मोड आलेले मूग असतात. नारळाच्या दुधातला येथला ‘कारी’ हा रस्सा पावाबरोबर खातात. फ्रेंच राजवटीत पाँडिचेरीकडून आलेल्या तमिळ मंडळींची ती आठवण. त्यांनी बांधलेले मारिअम्मन देवीचे देऊळ सायगॉनच्या मध्यवस्तीत आजही आहे. पाव फ्रेंचांचा, पण त्यात लोणच्यासारखी मुरवलेली गाजरे, मिरची आणि कोथिंबीर भरून सायगॉनने तो स्वतःचा केला.

या सुबत्तेच्या मुलखातला सर्वांत लोकप्रिय पदार्थ मात्र कणीचा आहे. गिरणीत मोडलेला, बाजारात न खपणारा तांदूळ पूर्वी मजूर आणि शेतकरी शिजवून खात. आज ‘कॉम तम’ म्हणजे कणीचा भात आणि भाजलेले मांस ही सायगॉनची खूण होऊन बसली आहे, आणि गिरण्यांतली कणी पुरत नाही म्हणून तांदूळ मुद्दाम मोडावा लागतो.

दांडा तुटतो तेव्हा

खाद्यपदार्थांची ही यादी येथेच संपविली तर ती केवळ चैनीची ठरेल. कावडीचा दांडा तुटला की काय होते, हे व्हिएतनामने एकाच शतकात दोनदा भोगले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात उत्तरेत भीषण दुष्काळ पडला. पुराने पीक बुडाले होते; जपानी लष्कर आणि फ्रेंच प्रशासन यांनी सक्तीने भात वसूल केला होता, काही शेतांत भाताऐवजी ताग लावायला भाग पाडले होते; आणि दोस्तांच्या बॉम्बफेकीने लोहमार्ग आणि जलमार्ग तुटले होते. दक्षिणेत तांदूळ होता. काही ठिकाणी तर तो इंधन म्हणून जाळला गेला. उत्तरेत चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत माणसे मेली, असे निरनिराळे अंदाज आहेत. एक टोपली भरलेली आणि दुसरीत प्रेते, अशी ती कावड होती. १९४३ च्या बंगालची कथा ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे निराळे स्पष्टीकरण नको. सत्तेवर येताच हो चि मिन्ह यांनी दर दहा दिवसांत एक जेवण वगळून तो तांदूळ गरिबांना द्यावा असे आवाहन केले. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली केलेल्या आवाहनाची येथे सहज आठवण होते.

दुसरा घाव १९५४ चा. जिनिव्हा कराराने देश सतराव्या अक्षांशावर विभागला. करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. आठ ते दहा लाख माणसे उत्तरेतून दक्षिणेत गेली आणि त्यांच्याबरोबर फो सायगॉनला गेला. दक्षिणेने त्यात साखर, तुळशीच्या जातीची पाने आणि मोड आलेले मूग घातले. हनोईकर याला भ्रष्टाकार म्हणतात, सायगॉनकर पूर्णता.

याच लोंढ्याबरोबर वू बांग हा हनोईचा लेखक पत्नीला मागे ठेवून दक्षिणेत गेला. सायगॉनमध्ये राहून त्याने १९६० साली हनोईच्या पदार्थांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि १९७२ साली बारा महिन्यांची उत्तरेतली रूपे, सण आणि चवी आठवणारे दुसरे. ते पुस्तक त्याने पत्नीला अर्पण केले. पण ती १९६७ सालीच हनोईत निवर्तली होती. तो उत्तरेचा गुप्त हस्तक म्हणूनच दक्षिणेत गेला होता, हे अधिकृतपणे जाहीर झाले २००० साली, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. आयुष्यभर ज्याला खरे बोलता आले नाही, त्याला खरेपणाने लिहिता आले ते जेवणावर.

एकीकरणानंतरचे दशक पोटभरीचे नव्हते. शिधापत्रिका हेच सर्वस्व होते. चेहरा पडलेल्या माणसाला ‘तांदळाचे कार्ड हरवल्यासारखा’ म्हणण्याची तेव्हाची पद्धत भाषेत रूढ झाली. १९८६ साली धोरण बदलले, १९८८ मध्ये शेतकरी कुटुंबाला जमीन कसण्याची मोकळीक मिळाली आणि १९८९ साली याच देशाने सुमारे चौदा लाख टन तांदूळ निर्यात केला. पूर्वी जेथे मांसाचा तुकडा मिळत नव्हता, त्या गल्ल्यांत फोची दुकाने पुन्हा उघडली.

एकी आणि एकसारखेपणा

१ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने कारभाराच्या सोयीसाठी आपले ६३ प्रांत एकत्र करून ३४ केले. फोचे माहेर नाम दिन्ह आता प्रांत म्हणून उरलेला नाही. पिवळ्या शेवयांचा क्वांग नाम दा नांगमध्ये मिसळला. कारभाराला ते आवश्यक असेलही. योगायोग असा की, अवघ्या वर्षभरापूर्वी, २०२४ साली, त्याच शासनाने नाम दिन्हचा फो, हनोईचा फो आणि क्वांगच्या शेवया यांना निरनिराळ्या नोंदींनी राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली होती. नकाशावर पुसलेली सीमा वाडग्यात शिल्लक राहते आणि तीत कोणाला फुटीरपणा दिसत नाही.

येथेच या प्रवासाचा धडा आहे. देशाच्या ऐक्यासाठी सर्वांनी एकच ताट वाढून घ्यावे लागत नाही. चांद्र नववर्षाला उत्तर व्हिएतनाममध्ये चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि डुकराचे मांस पानांत बांधून चौकोनी उकड करतात. दक्षिणेत तोच ऐवज केळीच्या पानात लांबट गुंडाळतात. आकारावरून भांडण होत नाही. ऐक्याला हवे असते ते इतकेच की, एका टोपलीतला तांदूळ दुसऱ्या टोपलीपर्यंत पोहोचावा. १९४५ साली तो पोहोचला नाही. आता निराळे संकट आहे. मेकाँगच्या वरच्या अंगाला धरणे झाली आहेत, समुद्राचे खारे पाणी आत शिरते आहे, आणि २०१६ व २०२० साली त्याने दक्षिणेतल्या भाताचे मोठे नुकसान केले. एका टोपलीला गळती लागली तर दुसरी अधांतरी राहते, हे कावड वाहणाऱ्या खांद्याला सांगावे लागत नाही.